एका संध्याकाळची तेराशे वर्षं

२९ नोव्हेंबर २०१४, शनिवार. अमेरिकेत थँक्सगिव्हिंगचा सण दोन दिवसांपूर्वीच पार पडला होता. पाहुणे परतीच्या वाटेवर होते आणि उरलेलं अन्न फ्रिजमध्ये गेलं होतं. त्या रात्री हॉलमार्क चॅनेलवर ‘ख्रिसमस अंडर रॅप्स’ नावाचा नवा चित्रपट लागला. तो थिएटरसाठी काढलेलाच नव्हता. त्याची मोठी पोस्टरं लागली नव्हती, की समीक्षकांनी त्याची वाट पाहिली नव्हती. तरीही सुमारे ५८ लाख माणसांनी तो पाहिला. त्या वाहिनीवरच्या कुठल्याही चित्रपटाला तोवर एवढा प्रेक्षक मिळाला नव्हता.

५८ लाख हा आकडा वाचून पुढे जाऊ नका, जरा थांबा. जाहिराती धरून चित्रपट दोन तासांचा. म्हणजे १ कोटी १६ लाख तास झाले. त्याला दिवसाच्या २४ तासांनी आणि मग वर्षाच्या ३६५ दिवसांनी भागलं, की उत्तर येतं १,३२४ वर्षं. २०१४ पासून तेवढं मागे गेलं तर आपण इसवी सन ६९० मध्ये पोचतो. तेव्हा बदामीला चालुक्यांचं राज्य होतं आणि वेरूळचं कैलास लेणं कोरायला घ्यायला अजून साठ-पासष्ट वर्षं अवकाश होता. एवढा काळ एका देशातल्या माणसांनी एका रात्रीत, एका साध्या प्रेमकथेला देऊन टाकला.

कथा काय होती? लॉरेन नावाची तरुण डॉक्टर आहे. तिला बॉस्टनमध्ये शस्त्रक्रियेची फेलोशिप हवी असते. ती मिळत नाही, म्हणून ती अलास्कातल्या गार्लंड नावाच्या चिमुकल्या गावात डॉक्टर म्हणून जाते. तिथे अँडी भेटतो. तो गावात पडेल ते दुरुस्तीचं काम करतो. त्याचं आडनाव हॉलिडे आणि घरचा व्यवसाय माल पाठवण्याचा. हे घराणं नेमकं कोणाचं, याचा अंदाज प्रेक्षकाला लवकरच येतो आणि लॉरेनला मात्र फार उशिरा येतो. शेवटी बॉस्टनची जागा चालून येते, पण तोवर तिचं मन गार्लंडमध्ये रमलेलं असतं. पडद्यावर जो अलास्का दिसतो, तो प्रत्यक्षात युटा राज्यात चित्रित केलेला आहे.

ज्यांनी या जातीचा एकही चित्रपट पाहिला असेल, त्यांना बाकीचे ओळखू येतात. शहरात रमलेली, कामात बुडालेली नायिका असते. तिला गावी जावं लागतं. तिथे लोकरीचा किंवा चौकड्यांचा शर्ट घातलेला एक सज्जन माणूस असतो, बहुतेक वेळा विधुर आणि एका लहान मुलीचा बाप. बिस्किटं भाजली जातात, झाड सजवलं जातं, चौकात दिव्यांचा सोहळा होतो. दोघं जवळ येतात आणि ओठ टेकणार तेवढ्यात कोणीतरी दार उघडून आत येतं. या चित्रपटांची रचना बहुधा नऊ अंकांची असते आणि दर दोन अंकांच्या मध्ये जाहिराती येतात. आपल्या ‘संगीत सौभद्र’ला पाच अंक पुरले. इथे नऊ लागतात, कारण माणूस आठ वेळा उठून स्वयंपाकघरात जाणार आणि आठही वेळा त्याला परत आणून खुर्चीत बसवायचं असतं. चुंबन शेवटच्या दोन-तीन मिनिटांत येतं. चित्रपट म्हणून जे काही आहे ते साधारण ८५ मिनिटांचं, उरलेली ३५ मिनिटं जाहिरातींची.

हॉलमार्क चॅनेलनं २००९ साली ‘काउंटडाउन टू ख्रिसमस’ या नावानं हा हंगाम सुरू केला. दहा वर्षांत तो इतका फुगला, की २०१९ मध्ये मुख्य वाहिनीवर २४ आणि भगिनी वाहिनी धरून एकूण ४० नवे चित्रपट आले. त्या वर्षी हंगाम ऑक्टोबरच्या अखेरीस सुरू झाला. २५ ऑक्टोबरपासून डिसेंबर संपेपर्यंत ६८ दिवस भरतात. दिवसरात्र हेच चित्रपट लावले, तर दोन-दोन तासांचे ८१६ खेळ होतात. प्रत्येक खेळात ३५ मिनिटं जाहिरातींची धरली, तर ४७६ तास नुसत्या जाहिरातींचे झाले, म्हणजे जवळजवळ वीस अखंड दिवस आणि वीस अखंड रात्री.

आता पैशाचा हिशेब. या चित्रपटांचा खर्च साधारणपणे २० लाख डॉलरच्या आसपास किंवा त्याहून कमी सांगितला जातो. दुसरीकडे ‘अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम’ला सुमारे ३५ कोटी डॉलर लागले आणि तो १८१ मिनिटांचा आहे. म्हणजे त्याच्या एका मिनिटाची किंमत १९ लाख डॉलरच्या पुढे जाते. त्या एका मिनिटात इथे अख्खा चित्रपट होतो. नायिकेचं गाव, बर्फ, झाड, बिस्किटं, विधुर बाप आणि चुंबन, सगळं त्यात आलं. वर्षभराचे चाळीसच्या चाळीस चित्रपट मिळून ‘एंडगेम’च्या साधारण ४० मिनिटांच्या खर्चात बसतात.

हे जमतं कसं, तर वेगामुळे. चित्रीकरणाला दोन-तीन आठवडे मिळतात, बरेचदा पंधराच दिवस. ८५ मिनिटांना पंधरानं भागलं, तर रोज साडेपाच मिनिटांहून जास्त पक्कं काम हातावेगळं करावं लागतं. मोठ्या चित्रपटात दिवसाला दोन मिनिटं मिळाली तरी दिग्दर्शक समाधानानं घरी जातो. चाळीस चित्रपट गुणिले पंधरा म्हणजे चित्रीकरणाचे ६०० दिवस. वर्षात दिवस ३६५. म्हणून एकाच वेळी अनेक गावांत अनेक पथकं राबत असतात, मुख्यतः कॅनडात, ब्रिटिश कोलंबियात आणि ओंटारियोत. ओटावाजवळचं अल्मोंट हे लहानसं गाव अशा कितीतरी चित्रपटांत वेगवेगळ्या नावांनी उभं राहिलं आहे. ‘ख्रिसमस इन एव्हरग्रीन’ मालिकेतलं व्हरमाँटचं गाव म्हणजे व्हँकूव्हरशेजारच्या बर्नाबीतलं संग्रहालय-खेडं आहे.

आणि बरेचसे चित्रपट उन्हाळ्यात होतात, कारण ते ऑक्टोबरपर्यंत तयार हवे असतात. बाहेर कडक ऊन असतं आणि कलाकार लोकरी कोट, गळपट्टा, हातमोजे घालून उभे असतात. बर्फ म्हणून कापसासारखी पांढरी चादर जमिनीवर अंथरतात, तिच्यावर कागदाचा चुरा पसरतात, खऱ्या बर्फाचा चुरा आणून ओततात आणि वरून साबणाचा फेस उडवतात. लक्ष देऊन पाहिलं तर नायकाच्या तोंडातून वाफ निघत नाही. मागच्या टेकडीवरची झाडं हिरवीगार पानांनी लगडलेली दिसतात. हातातल्या कॉफीच्या पेल्याला वजन नसतं, तो रिकामा आहे हे मनगटावरून कळतं. मला या खुणा दिसल्या की त्या पथकाविषयी आदरच वाटतो. पंधरा दिवसांत, उन्हात, दुसऱ्या देशातल्या रस्त्यावर कोणीतरी झाडून-पुसून डिसेंबर उभा केलेला असतो. खऱ्या अमेरिकेतसुद्धा नाताळच्या सकाळी सगळीकडे बर्फ नसतं. अलास्का आणि हवाई सोडून उरलेल्या अमेरिकेच्या निम्म्याहून अधिक भागात त्या दिवशी जमीन सहसा बर्फाविनाच असते. तिथल्या बहुतेकांनाही तो बर्फाचा नाताळ पडद्यावरच मिळतो.

पण एवढी माणसं हे का पाहतात, याचं उत्तर मला आकड्यांनी दिलं नाही. ते मला एका शेजारणीनं दिलं.

माझी ताई न्यू जर्सीत एडिसनला राहते. ओक ट्री रोडवर चालत निघालं, तर इडलीच्या पिठापासून पैठणीपर्यंत सगळं मिळावं असा तो भाग. याच एडिसनच्या प्रदर्शन केंद्रात नोव्हेंबर २०१९ मध्ये या चित्रपटांच्या चाहत्यांचं पहिलं ‘ख्रिसमस कॉन’ भरलं होतं. मी एका डिसेंबरात तिच्याकडे होते. दुपारी साडेचारला अंधार पडायचा. ताईच्या डाव्या हाताच्या घरात ऐंशीच्या पुढच्या एक बाई एकट्याच राहत. ताईनं डब्यात नारळाच्या वड्या भरून दिल्या आणि म्हणाली, “दे त्यांना नेऊन, आणि लगेच पळून येऊ नकोस, दोन मिनिटं बस.”

आत टीव्ही चालू होता. त्यांनी तो बंद केला नाही, फक्त आवाज कमी केला. समोरासमोर दोन खुर्च्या नव्हत्या. दोन्ही शेजारी-शेजारी, टीव्हीकडे तोंड करून ठेवलेल्या होत्या. एकीत त्या बसलेल्या, दुसरीवर घडी घातलेलं ब्लँकेट. पडद्यावर एक मुलगी झाडाला तारा लावत होती. मी विचारलं, हा आधी पाहिलाय का? त्या म्हणाल्या, तीनदा. मग शेवट माहीत असूनही का पाहता? त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सावकाश सांगितलं, की माहीत आहे म्हणूनच पाहते. आज रात्री या घरात काही वाईट घडणार नाही, एवढं नक्की असतं.

ते ऐकून मला आमच्याकडची सत्यनारायणाची पोथी आठवली. कलावती प्रसाद टाकून धावणार, नाव बुडणार आणि पुन्हा वर येणार, हे घरातल्या पोरालाही ठाऊक असतं. तरी गुरुजी तिथवर आले की आजी हात जोडून सरसावून बसायची. शेवट माहीत असणं तिच्या ऐकण्याच्या आड कधी आलं नाही. बुडालेली नाव वर येते हे दरवर्षी एकदा कानावर पडायला हवं, म्हणून ती ऐकत होती. या चित्रपटांवर ‘सगळे सारखेच’ हा जो आक्षेप घेतात, तो मला म्हणूनच पटत नाही. सारखेपणा हीच त्यांनी देऊ केलेली वस्तू आहे.

आता तो आकडा, जो मला त्या १,३२४ वर्षांपेक्षाही मोठा वाटतो. १९६० साली अमेरिकेतल्या १०० घरांपैकी १३ घरांत एकटा माणूस राहत होता. २०२० च्या जनगणनेत हे प्रमाण २७.६ टक्क्यांवर गेलं. साडेतीन कोटींच्या आसपास घरं, आणि प्रत्येकात एकच ताट, एकच उशी. डिसेंबरात त्या घरांत संध्याकाळ लवकर येते आणि फार लांबते. मार्च २०२० मध्ये साथीमुळे सगळं ठप्प झालं, तेव्हा हॉलमार्कनं वसंत ऋतूत तातडीनं नाताळच्या चित्रपटांची रांग लावली. माणसं घाबरली होती, आणि शेवट ठाऊक असलेली गोष्ट त्यांना हवी होती.

२०१७ च्या डिसेंबरात नेटफ्लिक्सनं जाहीरपणे लिहिलं, की ‘अ ख्रिसमस प्रिन्स’ हा चित्रपट ५३ जणांनी गेले १८ दिवस रोज पाहिला आहे, आणि त्यांना कोणी दुखावलं, असंही पुढे विचारलं. जग हसलं. मी हिशेब केला. ५३ गुणिले १८ म्हणजे ९५४ खेळ. चित्रपट ९२ मिनिटांचा, म्हणजे एकूण साधारण १,४६३ तास, म्हणजे एकसष्ट दिवस. ती ५३ माणसं कोण असतील? रुग्णालयात कोणाच्या उशाशी बसलेली? तान्ह्या बाळाला घेऊन रात्री जागणारी? ज्यांच्या घरात त्या वर्षी एक खुर्ची रिकामी झाली अशी? माणसं कशाच्या आधारानं रात्र काढतात हे आकड्यात दिसलं, तर ते चारचौघांत उघडं करू नये. तो विनोद मला आजही बोचतो.

म्हणून या चित्रपटांचा दोष मी दुसरीकडे शोधते. ऊब खरी आहे. पण त्या उबेत बसायला जागा कोणाला मिळाली?

हे पाहायला थोडं मागं जावं लागतं. हॉलमार्क ही मुळात शुभेच्छापत्रांची कंपनी. नेब्रास्कातला जॉयस हॉल नावाचा अठरा वर्षांचा मुलगा १९१० मध्ये पोस्टकार्डांनी भरलेली बुटांची दोन खोकी घेऊन कॅन्सस सिटीत उतरला, तिथून हा सगळा पसारा वाढला. १९१७ च्या नाताळात त्यांच्या दुकानातला भेटवस्तू गुंडाळायचा साधा कागद संपला. मग पाकिटांना आतून लावायचा नक्षीदार फ्रेंच कागद विकायला काढला आणि तो हातोहात गेला. आज जगभर भेटीवर जो रंगीत कागद गुंडाळतात, त्याची एक सुरुवात तिथे आहे.

याच कंपनीनं टीव्हीवर आपल्या नावाची नाट्यमालिका सुरू केली ती २४ डिसेंबर १९५१ च्या रात्री. एनबीसीवर जान कार्लो मेनोत्ती यांचा ‘अमाल अँड द नाइट व्हिजिटर्स’ हा ऑपेरा थेट प्रक्षेपित झाला. अमेरिकेत टीव्हीसाठी मुद्दाम लिहून घेतलेला तो पहिला ऑपेरा. तो सुमारे ५० लाख लोकांनी पाहिला असा अंदाज आहे. १९५१ चे ५० लाख आणि २०१४ चे ५८ लाख हे आकडे शेजारी ठेवले की मला फार विचार करावासा वाटतो. ‘अमाल’मध्ये काय आहे? कुबडीवर चालणारा एक गरीब मुलगा आणि त्याची विधवा आई. घरात खायला काही नाही. रात्री तीन राजे दार ठोठावतात. ते येशूच्या जन्माच्या ताऱ्यामागे निघालेले असतात आणि त्यांच्याजवळ सोनं असतं. सगळे झोपल्यावर आई त्यातलं थोडं सोनं आपल्या मुलासाठी चोरायला जाते आणि पकडली जाते. राजे तिला ते ठेवून घ्यायला सांगतात, पण ते बाळ कोण आहे हे कळल्यावर ती परत करते. मुलगा आपली कुबडीच भेट म्हणून देऊ करतो आणि त्याचा पाय बरा होतो.

भूक, चोरी, लाज, क्षमा. हॉलमार्कच्या नावावरचा टीव्हीवरचा पहिला नाताळ एवढ्या गोष्टी घेऊन आला होता, आणि त्या रात्री लोकांनी त्या पेलल्या. आजच्या गार्लंडमध्ये आणि एव्हरग्रीनमध्ये गरीब माणूस दिसत नाही. पैशाची अडचण आली तरी ती एखाद्या जुन्या हॉटेलची किंवा बेकरीची असते आणि एका रात्रीच्या सोहळ्यात मिटते. आजारी माणूस क्वचितच दिसतो. लॉरेन डॉक्टर होऊन लहान गावात येते. प्रत्यक्षात त्याच काळात, २०१० पासून पुढच्या दशकात, अमेरिकेच्या ग्रामीण भागातली शंभराहून अधिक रुग्णालयं बंद पडली किंवा तिथे रुग्णांना दाखल करून घेणं थांबलं. डॉक्टर गावात आली ही खरोखर चमत्काराची गोष्ट आहे, पण चित्रपट तो चमत्कार तसा दाखवतच नाही. आणि नायिकेनंच दरवेळी शहरातलं काम सोडायचं, हेही मला सलतं. चौकड्यांच्या शर्टातल्या त्या सज्जन माणसाला बॉस्टनला जावंसं एकदा तरी वाटायला हवं होतं.

२०१८ मध्ये हॉलमार्क चॅनेलवरच्या २१ नव्या नाताळ चित्रपटांपैकी पाचांत मुख्य भूमिकेत कृष्णवर्णीय कलाकार होते. २०१९ मध्ये चित्रपट २४ झाले आणि असे चित्रपट चार उरले. एका वर्षानंतरच्या जनगणनेत हिस्पॅनिक नसलेल्या गोऱ्यांचं प्रमाण ५७.८ टक्के होतं, म्हणजे दर दहांत चारांहून अधिक माणसं त्या चौकटीबाहेरची. २०१९ च्याच डिसेंबरात दोन वधूंचं चुंबन दाखवणाऱ्या जाहिराती वाहिनीनं एका गटाच्या दबावाखाली काढून टाकल्या. त्यावर इतका क्षोभ उसळला, की काही दिवसांतच निर्णय मागे घेऊन माफी मागावी लागली. बदल झाला, हे खरं आहे. २०२२ च्या ‘द हॉलिडे सिटर’मध्ये या वाहिनीच्या नाताळ चित्रपटाचे दोन्ही नायक एकमेकांच्या प्रेमात पडले. लाइफटाइम वाहिनीनं २०२० मध्ये ‘अ शुगर अँड स्पाइस हॉलिडे’त चिनी-अमेरिकन कुटुंब मध्यभागी आणलं. दार उघडतं आहे, पण फार सावकाश.

आणखी एक उणीव मला वसईतल्या माझ्या मैत्रिणीनं दाखवली. तिच्या घरी नाताळ म्हणजे आधी मध्यरात्रीची मिस्सा, अंगणात मांडलेला गोठा, मग बाकी सगळं. तिनं माझ्यासोबत यातले दोन चित्रपट पाहिले आणि म्हणाली, “अगं, सगळं आहे, पण बाळ कुठाय?” गाय-गोठ्यातलं बाळ. ज्याच्यासाठी तीन राजे चालत आले ते. झाड, दिवे, बिस्किटं यांत ते कुठेच नव्हतं. मी विचार करत राहिले, की ते बाळ आत आलं असतं तर त्याच्या मागोमाग अमालची आईही आली असती.

त्या एडिसनच्या घरात मी दोन मिनिटांसाठी गेले होते आणि वीस मिनिटं झाली होती. वड्यांचा डबा उघडून बाईंनी एक तुकडा तोंडात टाकला होता, दुसरा हातात धरून ठेवला होता. पडद्यावर चौकातले दिवे लागायची वेळ आली होती. मी उठले. ताई वाट बघत असेल, म्हटलं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. आठ मिनिटं राहिली आहेत, म्हणाल्या. मग वाकून त्यांनी शेजारच्या खुर्चीवरचं ब्लँकेट उचललं, आपल्या मांडीवर घेतलं आणि आवाज थोडा वाढवला. मी त्या खुर्चीत बसले.